जुन्या घराला नवं रूप, निसर्गाला सांभाळून: बेळगाव-खानापूर-निपाणी भागातल्या घरांसाठी नेहमीचे प्रश्न

चिऱ्याच्या भिंती, मंगळूरी कौलं, शहाबादी फरशी आणि सागवानी चौकटी असलेली घरं आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत. ती पाडून किंवा प्लॅस्टिक रंग आणि सिमेंटाखाली झाकून 'नवी' करण्यात पैसा जातो आणि माल वाया जातो. बहुतेक वेळा घराची तब्येतही बिघडते. खालची उत्तरं अशा घरांना धरून आहेत. स्लॅबच्या घरांचे प्रश्नही मध्ये मध्ये आलेत.

घर नीटनेटकं करायचं आहे. सुरुवात रंगापासून करावी का?

नाही. रंग शेवटी. आधी छप्पर आणि पाण्याच्या वाटा, मग वायरिंग आणि नळ, मग भिंतींची डागडुजी, मग फरशी आणि लाकूड, आणि सगळ्यात शेवटी रंग आणि पडदे. हा क्रम मोडला की काम दोनदा करावं लागतं: नव्या रंगावर गळतीचा डाग उमटतो, किंवा वायरिंगसाठी परत भिंत फोडावी लागते. हातात पैसे थोडे असतील तर ह्या यादीतलं पहिलं काम पूर्ण करा आणि तिथेच थांबा. पाचही कामं अर्धी-अर्धी केली तर एकही टिकत नाही.

गणपतीच्या आधी रंग काढायची पद्धत आहे. चालेल ना?

पद्धत जुनी आहे, पण ती चुन्याच्या काळातली. आज श्रावणात भिंतीला पुट्टी आणि प्लॅस्टिक रंग मारला की आतली ओल आतच कोंडते आणि दिवाळीपर्यंत फुगे धरून पापुद्रे सुटतात. बेळगाव-खानापूर पट्ट्यात जून ते सप्टेंबर भिंत खऱ्या अर्थाने वाळतच नाही. रंगाला दोन हंगाम चांगले: दसऱ्यानंतर दोन-तीन आठवड्यांची उघडीप मिळाली की, आणि फेब्रुवारी ते मे. गणपतीसाठी देवघराची एक भिंत उजळायचीच असेल तर चुन्याचा एक हात द्या.

भिंत वाळली का ते बघायला फूटभर चौकोनी प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावा आणि २४ तास ठेवा. आतून पाण्याचे थेंब दिसले किंवा खालची भिंत काळपट झाली तर रंगाऱ्याला परत पाठवा.

भिंतीच्या तळाला लोणा लागतो, रंगाच्या खपल्या पडतात. दर वर्षी रंग देऊनही तेच. काय करावं?

ह्याचं मूळ रंगात नसतं, म्हणून रंगाने ते जात नाही. चिरा सच्छिद्र दगड आहे. जमिनीतली ओल तो वर ओढतो, आणि पूर्वी चुन्याच्या गिलाव्यातून ती हवेत निघून जायची. आता वर सिमेंटचा गिलावा आणि त्यावर प्लॅस्टिक रंग चढला, की तिला वाट राहत नाही. पाणी वर चढतं, सोबत आणलेले क्षार पृष्ठभागाजवळ साठतात, आणि ते फुलले की गिलावा सुटतो. वॉटरप्रूफ रंग मारला तर ओल आणखी वर चढते. आधी फूटभर असलेला डाग मग तीन फुटांवर दिसू लागतो, तो ह्यामुळेच.

आधी बाहेर बघा. गल्लीतला रस्ता दर वेळी काँक्रीट चढून उंच झालाय का? अंगणात मातीचा भराव पडून ती जोत्याला टेकलीय का? बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा निदान सहा इंच खाली हवी आणि तिचा उतार घरापासून दूर हवा. पन्हळ नसेल तर पागोळ्यांचं पाणी मातीवर आपटून भिंतीवर उडतं. तिथे दीड फूट रुंदीची खडीची पट्टी टाकली तरी भिंतीचा तळ बराच कोरडा राहतो. न्हाणीघराची मोरी आणि नळाचा सांधाही तपासा. ओल उन्हाळ्यातही तेवढीच राहत असेल तर संशय पावसावर नको, पाइपावर घ्या.

मग भिंत. डागाच्या वर फूटभरापर्यंत सिमेंटचा गिलावा पूर्ण काढा. क्षार कोरड्या ब्रशनेच झाडा. धुतले तर ते विरघळून परत आत शिरतात. उघडी भिंत उन्हाळ्याचे निदान तीन-चार आठवडे तशीच ठेवा. ह्या टप्प्याला लोक कंटाळतात आणि नेमकं इथेच काम बिघडतं. नंतर भिजवलेला चुना १ भाग आणि चाळलेली वाळू ३ भाग असा गिलावा दोन थरांत द्या, प्रत्येक थर १० ते १२ मिलिमीटर. आठवडाभर तो हलक्या फवाऱ्याने ओलसर ठेवा, उन्हाची तिरीप येत असेल तर गोणपाट लावा. गवंडी 'मजबुतीसाठी' थोडं सिमेंट टाकायला बघतो, त्याला आधीच सांगून ठेवा.

काळ्या जमिनीवरच्या घराला दर उन्हाळ्यात भेगा पडतात. त्याही चुन्यानेच बुजवायच्या का?

चिकोडी, रायबाग, अथणीकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, म्हणून भेग मिटते आणि परत उघडते. भेगेच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलीने खूण करून तारीख घाला आणि एक वर्ष बघा. जागच्या जागी राहणारी केसासारखी भेग चुन्याने भरा. रुंदी वाढत चालली असेल, किंवा दारं-खिडक्या अडकू लागल्या असतील, तर आधी इंजिनिअरला दाखवा.

चुन्याचा रंग घरी कसा तयार करायचा? तो हाताला लागतो, म्हणून लोक नको म्हणतात.

हाताला लागतो तो घाईत केलेला चुना. कृती पाळली तर पांढरी भिंत वर्षानुवर्षं पुसट होत नाही, बुरशीही कमी धरते, कारण चुना अल्कली आहे. शिवाय रंगाचा वास नाही, आणि रिकाम्या बादल्यांचा कचराही नाही.

४ किलो कळीचा (म्हणजे न भिजवलेला) चुना आणि साधारण २० लिटर पाणी घ्या. जाड पत्र्याचं पिंप किंवा सिमेंटची टाकी वापरा. प्लॅस्टिकची बादली नको, कारण चुना भिजताना उकळतो आणि ती वितळू शकते. आधी पाणी घ्या आणि त्यात चुना थोडा थोडा सोडा. उलट करू नका: चुन्यावर पाणी ओतलं तर तो उसळून तोंडावर येतो. डोळ्यांना चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेतच, आणि मुलांना तिथून लांब ठेवा. डोळ्यात उडाला तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवून डॉक्टरकडे जा.

मिश्रण निदान २४ तास ठेवा, जास्त ठेवलं तर आणखी चांगलं. मग जाड कापडातून गाळा. खाली उरलेले खडे परत भिजवू नका, टाकून द्या. भिंतीवर राहिलेला एखादा खडा महिन्याने फुलतो आणि बोटाएवढा खड्डा पाडतो. गाळलेल्या दर लिटरला ४ ग्रॅम डिंक, म्हणजे २० लिटरला ८० ग्रॅम, गरम पाण्यात विरघळवून घाला. पांढऱ्यावर पिवळट झाक नको असेल तर चिमूटभर नीळ. रंग हवा असेल तर गेरू, पिवळी काव अशा मातीच्याच रंगांचं पाणी करून मिसळा. सगळ्या खोलीचं मिश्रण एकदम करा, कारण दुसऱ्या दिवशी तीच छटा जमत नाही.

भिंत आधी पाण्याने ओलवा. हात पातळ द्या, दुधाएवढा. एकाच जाड हातात आटपायचं म्हटलं की तो वाळताना तडकतो आणि पुढे हाताला लागतो. नव्या गिलाव्याला तीन हात, जुन्याला दोन. एक वाळल्यावरच दुसरा, पहिला आडवा तर दुसरा उभा. लावताना तो पाण्यासारखा पारदर्शक दिसतो आणि वाळल्यावर पांढरा होतो, तेव्हा मध्येच घाबरून घट्ट करू नका.

आमच्या भिंतीवर आधीच प्लॅस्टिक रंग आहे. त्यावर चुना बसेल?

नाही, पापुद्र्याने निघून येईल. एकतर जुना रंग खरवडून गिलाव्यापर्यंत जायचं, नाहीतर कमी वासाचा, पाण्यात कालवायचा रंग निवडायचा. डब्यावर 'लो व्हीओसी' (म्हणजे हवेत उडणारी रसायनं कमी) आणि 'शिसेविरहित' हे दोन्ही शब्द शोधा. घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०), हा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. म्हणजे त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. जुनी दारं आणि गज कोरड्या पॉलिशपेपरने घासू नका. पाणी लावून घासा, खाली वर्तमानपत्र पसरा, आणि घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर त्यांना काम संपून साफसफाई होईपर्यंत तिथे येऊ देऊ नका.

कौलं गळतात. काढून स्लॅब किंवा रंगीत पत्रे घालावेत का?

गळतीचं कारण बहुतेक वेळा कौल नसतंच. खालच्या रिपा (कौलं टेकतात त्या लाकडी पट्ट्या) वाकल्या की कौलांचे सांधे उघडतात. वळचणीत पाचोळा साठला की पाणी मागे सरतं. आढ्यावरच्या कोन्यांचा मसाला फुटलेला असतो. एखाद्या कौलाची मागची नाकं मोडून ते खाली घसरलेलं असतं. मे महिन्यात शाकारणीला माणूस चढवण्याआधी दुपारी आत अंधार करून वर बघा. उजेडाची टिपकी दिसेल तिथे खडूने खूण करा. तेवढं केलं की अर्धं छप्पर उगाच उसकटलं जात नाही.

मंगळूरी कौलं चौरस मीटरला १५ ते १६ लागतात. बदलायची असतील तर जुन्या कौलाचा साचा बघून घ्या, एक मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी खाच बसत नाही. पाडकामातली जुनी कौलं उत्तम, बोटाने वाजवून घ्या: खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर तडा आहे. रिपा बदलताना दोन रिपांमधलं अंतर सुतार सवयीने साडेबारा इंचांच्या आसपास धरतो, पण ते तुमच्या कौलावर मोजूनच ठरवा. ते चुकलं तर नवं छप्परही गळतं.

अंधाऱ्या माजघरात दोन-तीन काचेची कौलं बसवा. इतक्या कमी खर्चात घराचं रूप इतकं बदलणारं दुसरं काम नाही. दिवसा दिवा लावावा लागत नाही. फक्त ती पश्चिमेच्या उतारावर नकोत, उन्हाळ्यात दुपारनंतर खोली तापते.

खानापूरच्या रानाकडेला वानरांनी कौलं फोडणं ही खरी अडचण आहे. तिथे काही जण लोखंडी सांगाड्यावर पत्रा टाकतात. टाकायचाच असेल तर पत्रा वर आणि त्याच्या खाली वितभर हवेची जागा सोडून जुनी कौलं ठेवा. उष्णता आणि पावसाचा आवाज दोन्ही कमी होतात. मात्र वजन वाढतं, म्हणून वासे आणि भिंती आधी तपासून घ्या.

पडवीवर जुने सिमेंटचे पत्रे आहेत. रंगवून घेऊ का?

ह्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. अख्खे आणि न हलवलेले असतील तर धोका कमी. कापणं, भोक पाडणं, तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडणं, हे मात्र करू नका, त्यातून उडणारे तंतू फुफ्फुसात जातात. काढायचे झाले तर पाण्याने भिजवून, न फोडता, अख्खे उतरवा. तुकडे अंगणाच्या भरावात तर मुळीच घालू नका.

शहाबादी फरशी मळकट दिसते. वर टाइल्स बसवाव्यात का?

बसवू नका. ही फरशी कलबुर्गी जिल्ह्यातून येते, उन्हाळ्यात पायाला गार लागते, आणि पॉलिश केली की करडा-निळसर रंग असा उठतो की पाहुणे विचारतात. आधी सांधे खरवडून परत भरून घ्या. मग पॉलिश मशीन: जाड दगडापासून बारीककडे, साधारण ६०, १२०, २२० आणि शेवटी ४०० नंबर. एक नंबर गाळला तर ओरखडे राहतात आणि ते नंतर जात नाहीत.

शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. संडास धुवायचं ॲसिड त्यावर पडलं की तो फसफसून खरखरीत होतो. लिंबू आणि व्हिनेगरही नको. कोमट पाणी आणि थोडा साधा साबण पुरतो. लाल कोब्याची जमीन असेल तर ॲसिड तिथेही वर्ज्य. ती फडक्यावर थोडं खोबरेल घेऊन पुसत गेलात की आपोआप गडद होते.

सागवानी दारांवर ऑइलपेंटचे चार थर आहेत. मूळ लाकूड परत दिसेल का?

दिसेल, धीर हवा. वर सांगितल्याप्रमाणे ओलं घासून थर काढा, लाकूड आठवडाभर सावलीत वाळू द्या. मग उकळलेलं जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन समसमान करून पहिला हात. अर्ध्या तासाने वर राहिलेलं तेल कोरड्या फडक्याने पुसून घ्या. न पुसलेलं तेल चिकट राहतं आणि त्यावर धूळ बसते. दोन-तीन दिवसांनी नुसत्या तेलाचे दोन पातळ हात.

ह्यात एक धोका फार कमी लोकांना माहीत असतो. जवसाच्या तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकलं तर ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. काम झालं की फडकी पाण्यात बुडवा, किंवा उघड्यावर सुटी पसरून वाळवा.

वासे आणि चौकटीच्या मागच्या बाजूला वाळवीसाठी काजूच्या टरफलाचं तेल लावतात. खानापूर-चंदगडकडे काजूचे कारखाने असल्याने ते मिळतं. उपाय चांगला, पण तेल कातडी भाजतं, फोड येतात, म्हणून मोजे आणि पूर्ण बाह्या हव्यात. वास बरेच दिवस राहतो, राहत्या खोलीत नको.

वरच्या मजल्याची खोली उन्हाळ्यात भट्टी होते. एसीशिवाय उपाय?

स्लॅबवर पांढरा हात द्या. गच्ची घासून धुवा, भेगा भरा, आणि मार्चमध्ये चुन्याचे तीन हात द्या. गच्चीसाठी डिंकाऐवजी फेविकॉलसारखा गोंद मिसळला तर पावसात लवकर धुपत नाही. तरी दर वर्षी-दोन वर्षांनी परत द्यावाच लागतो. अथणीकडच्या उन्हात हा फरक पहिल्याच दुपारी कळतो. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चिक सोडा. आतल्या पडद्यापेक्षा ती जास्त काम करते, कारण ऊन काचेच्या आत यायच्या आधीच अडतं.

छतावर सोलर बसवणं परवडतं का?

हे तुमच्या बिलावर आहे. गृहज्योतीत (कर्नाटक सरकारची घरगुती मोफत विजेची योजना) बिल शून्य येत असेल तर सोलरवर पैसे घालून बिलात काही वाचणार नाही. त्या पैशातून आधी गळती, गच्ची आणि पंखे उरका. वापर महिन्याला २०० युनिटच्या वर जात असेल तर पूर्ण बिल भरावं लागतं, तिथे सोलरचा हिशेब बसतो. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत (२०२४ पासून) २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३०,००० रुपये आणि ३ किलोवॅट किंवा त्यावर एकूण ७८,००० रुपये अनुदान ठरलं. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावलीविना जागा लागते आणि वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला ४ युनिटच्या आसपास वीज येते. जुलै-ऑगस्टमध्ये ती खूप घटते, हे विक्रेत्याने सांगितलं नाही तरी धरून चाला. नेट मीटरची (ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा करणाऱ्या मीटरची) मंजुरी बेळगाव आणि कारवारकडे हेस्कॉम ह्या वीज कंपनीची, बिदरकडे जेस्कॉमची. नारळाच्या झावळीची सावली एका पॅनलवर पडली तरी पूर्ण रांगेची वीज घटू शकते.

पंखे मात्र सगळ्यांनी बदलावेत. जुना छताचा पंखा ७०-७५ वॅट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आसपास. रोज १२ तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट वाचतात, आणि तेवढ्याने काही घरं २०० च्या आत येतात.

पावसाचं पाणी साठवायला किती मोठी टाकी?

सोपा हिशेब: १,००० चौरस फूट छप्पर म्हणजे ९३ चौरस मीटर. १ मिलिमीटर पावसात, गळती आणि उडणं वजा जाता, ७० ते ७५ लिटर हाती लागतं. बेळगाव शहरात १,२०० मिलिमीटर धरले तर वर्षाला सुमारे ८९,००० लिटर, अथणीच्या ५५० मिलिमीटरला सुमारे ४०,०००. एवढी टाकी कुणी बांधत नाही. ५,००० ते १०,००० लिटर साठवा आणि उरलेलं विहिरीला किंवा बोअरजवळच्या शोषखड्ड्याला द्या. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत विहीर खोदली होती, आणि बेळगावातल्या कित्येक जुन्या वाड्यांच्या परड्यात आजही आड आहे. तो बुजवू नका, गाळ काढून त्यातच पाणी सोडा.

पहिल्या पावसाचं पाणी बाजूला काढावं लागतं, चौरस मीटरला अर्धा ते एक लिटर. विकत मिळणाऱ्या चार इंची पाइपाच्या जोडात मीटरला जेमतेम ८ लिटर मावतं. ते अपुरं पडतं, म्हणून ६० ते ९० लिटरचं पिंप लावा. गाळणीला २०० लिटरच्या पिंपात खालून वर मोठे दगड, खडी, बारीक खडी, मच्छरदाणीची जाळी, धुतलेली जाड वाळू. वरची वाळू दर पावसाळ्याआधी धुवा. न धुतल्याने पाणी तुंबतं आणि मग लोक गाळणीच काढून टाकतात.

पडदे, अभ्रे, सजावट: नवं न घेता काय करता येईल?

जुनी नऊवारी घ्या. साधारण ८ मीटर लांबीत सात फुटी दाराचे तीन पडदे निघतात, काठ खाली येईल असा बेत करा. शहापूर-वडगावच्या मागावरची किंवा इरकली सुती असेल तर कापण्याआधी एकदा भिजवून वाळवा, नाहीतर शिवल्यावर आखडते. विरलेल्या कापडाला मागून जुन्या चादरीचं अस्तर लावा, उन्हाने आधी अस्तर खराब होतं आणि साडी वाचते. उरलेल्या चिंध्यांची वाकळ शिवणाऱ्या बायका अजून गावोगाव आहेत. त्यांना दुकानातल्या रजईएवढे पैसे द्या, काम त्या तोडीचं असतं. झाडांसाठी खानापूरच्या मातीच्या कुंड्या घ्या, बुडाला भोक आहे ना ते बघून.

ओल्या कचऱ्याचं मडक्यात खत करतो, पण वास येतो आणि अळ्या होतात.

वास येतो म्हणजे ओल जास्त आणि हवा कमी. एक भाग भाजीपाल्याला दोन भाग सुकं हवं. आपल्याकडे उसाचं पाचट फुकट मिळतं: ते बोटभर कापून, वाळवून पोत्यात ठेवा आणि रोज कचऱ्यावर मूठ-दोन मूठ पसरा. पाचट लवकर कुजत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा ताक शिंपडा आणि चार दिवसांनी एकदा ढवळा. मुठीत दाबल्यावर ओलसर लागलं पण पाणी टपकलं नाही तर प्रमाण बरोबर. शिजलेला भात आणि मासळीचं पाणी सुरुवातीला टाळा. पांढऱ्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका, वर पाचटाचा दोन इंचांचा थर द्या आणि झाकण फटीसकट ठेवा. पावसाळ्यात मडकं पडवीत घ्या. अडीच-तीन महिन्यांनी खाली काळी, भुसभुशीत, मातीच्या वासाची माती दिसली की चाळून कुंड्यांत घाला, आणि चाळणीत राहिलेलं परत मडक्यात टाका.